कॉर्नियाचं एफईएम मॉडेल: प्रेशर दिलं की पेशंटच्या डोळ्याचा आकारच बदलून राहिलाय, कुठे चुकतंय?

मेशवाला_नागपूर

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरलाच एम.टेक. करून राहिलोय, मेकॅनिकल डिझाइनमध्ये. प्रोजेक्ट असा आहे की केराटोकोनसच्या (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार) डोळ्यात रिंग (कॉर्नियाच्या आत बसवायची चापासारखी पट्टी) टाकायच्या आधी ती सर्जरी कम्प्युटरवर एफईएमनं (आकाराचे बारीक तुकडे करून गणित सोडवायची पद्धत) करून बघायची, म्हणजे कोणत्या जाडीची रिंग, किती अंशांची, किती खोलवर टाकली तर कॉर्निया किती सपाट होईल हे आधीच काढायचं.

विषय घेण्यामागे कारण घरचंच आहे. माझ्या लहान बहिणीला १९ व्या वर्षी केराटोकोनस निघाला. त्याआधी दोन वर्षं आम्ही नुसते चष्मे बदलत होतो, दर सहा महिन्यांनी सिलिंडरचा नंबर वाढायचा आणि दुकानात सांगायचे की वयामुळे होते, मोबाइल कमी करा. शेवटी धंतोलीत एका डॉक्टरांनी टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) काढली तेव्हा कळलं की कॉर्निया खालच्या बाजूनं पुढे येऊन राहिला आहे. आता रिंगचा विषय निघाला आहे. डॉक्टर चांगले आहेत, वेळ देऊन समजावतात, पण रिंग निवडतात ती तक्त्यावरून, कोन (कॉर्नियाचा पुढे आलेला शंकूसारखा भाग) कुठे आहे आणि नंबर किती यावरून. तो तक्ता मी पाहिला आणि डोक्यात आलं की माझ्या बहिणीचा कॉर्निया त्या तक्त्यातल्या सरासरीसारखा वागेलच कशावरून?

आता अडचण. तिच्या पेंटाकॅम (कॉर्नियाचा आकार आणि जाडी मोजणारं यंत्र) स्कॅनमधून पुढचा-मागचा पृष्ठभाग घेतला (तिला विचारूनच), सर्वात पातळ जागी जाडी ४६२ मायक्रॉन आहे. त्याचा सॉलिड केला, मेश (बारीक तुकड्यांचं जाळं) केला, एफईबायो सॉफ्टवेअरमध्ये टाकला, लिंबस (कॉर्नियाची गोल कडा) फिक्स केला आणि आतून १५ मिमी मर्क्युरी म्हणजे २ किलोपास्कल प्रेशर दिलं. रिंग अजून टाकलीच नाही, नुसत्या प्रेशरनंच टोक जवळजवळ ०.२ मिमी पुढे सरकतं आणि वक्रता एक डायॉप्टरच्या वर बदलते. म्हणजे मी ज्या डोळ्यावर सर्जरी करणार तो तिचा डोळा राहतच नाही. एका सिनियरनं सांगितलं की यंग्ज मॉड्युलस (मटेरियलचा कडकपणा) वाढव, थांबेल. पाचपट केला, थांबलं, पण मग मला वाटलं की आपल्याला आकडा हवा म्हणून आपण पेशंटचा डोळाच बदलला की. झोप लागत नाही ह्याच्यापायी. शिवाय वक्रतेचा नकाशा काढला तर सगळा ठिपक्या-ठिपक्यांचा येतो, डॉक्टरला दाखवायसारखा नाही. कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

जुना_अबॅकसकर

भाऊ, मॉड्युलस वाढवून तिथेच थांबला नाहीस आणि इथे विचारलंस हे फार चांगलं केलंस, कारण ती चूक रिपोर्टमध्ये दिसतसुद्धा नाही. तुझ्या सॉल्व्हरमध्ये काही बिघडलेलं नाही. तू स्कॅन केला तो डोळा आधीच प्रेशरमध्ये होता ना. बहीण मशीनसमोर बसली तेव्हा तिच्या डोळ्यात १५ चं प्रेशर होतंच, त्या प्रेशरनं फुगलेला आकार पेंटाकॅमनं टिपला, आणि तू तोच आकार बिनप्रेशरचा धरून त्यात परत १५ भरलंस. सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबमध्ये पुन्हा तेवढीच हवा मारण्यासारखं झालं, फुगणारच.

तुला आधी असा आकार शोधायचा आहे जो बिनप्रेशरचा आहे आणि २ किलोपास्कल दिल्यावर बरोबर स्कॅनच्या आकारावर येऊन बसतो. तो आकार कोणीच मोजू शकत नाही, तो गणितानंच काढावा लागतो. सोपी पद्धत उलट-सुलट फेऱ्यांची आहे: सुरुवातीला स्कॅनचा आकारच बिनप्रेशरचा समज, प्रेशर दे, प्रत्येक नोड (मेशचा जोडबिंदू) स्कॅनच्या जागेपासून किती लांब गेला ते काढ, तेवढं बिनप्रेशरच्या नोडमधून वजा कर, परत सोडव. सगळ्यात लांबचा नोड एक मायक्रॉनच्या आत आला की थांब. पायथनमध्ये ५०-६० ओळींचं काम आहे, मेशची जोडणी मात्र तीच ठेवायची, दर फेरीला नवीन मेश केला तर नोड कोणता कोणाशी जुळतो हेच कळणार नाही. कोनचा भाग पातळ असतो, तिथे एखादवेळी फेऱ्या उड्या मारतात, मग पूर्ण वजा करण्याऐवजी अर्धं वजा कर.

दुसरं, लिंबस असा ठोकून फिक्स करू नको. खऱ्या डोळ्यात तो स्क्लेराला (डोळ्याच्या पांढऱ्या भागाला) जोडलेला आहे आणि थोडा ताणतो, थोडा फिरतो. स्क्लेराचा निदान काही मिलिमीटरचा पट्टा मॉडेलमध्ये घे आणि बांधायचंच असेल तर तिकडे मागे बांध. रिंगचा परिणाम मधल्या भागावर बघायचा आणि कडा सिमेंटमध्ये, असं केलं तर उत्तर कडेचंच येईल.

तिसरं मटेरियल. कॉर्निया म्हणजे रबर नाही. नव्वद टक्के जाडी स्ट्रोमाची, म्हणजे मधल्या मुख्य थराची, आणि त्यात कोलॅजनचे थरावर थर. एक्स-रे डिफ्रॅक्शननं बघितलेलं आहे की मधल्या भागात तंतू मुख्यतः दोन दिशांना असतात, नाकाकडून कानाकडे आणि वरून खाली, आणि लिंबसपाशी गोल फिरतात. होल्झाप्फेल, गॅसर, ऑग्डेन यांचं मॉडेल २००० साली आलं ते धमनीच्या भिंतीसाठी, मग २००६ मध्ये त्यांनीच तंतूंचा विखुरलेपणा त्यात घातला, कॉर्नियावाले तेच घेतात. एफईबायोमध्ये ते आहे. फक्त लक्षात ठेव, बिनप्रेशरचा आकार बदलला की तंतूंच्या दिशाही त्याच्यासोबत मागे न्यायच्या, हे विसरलास तर उत्तर थोडंसंच चुकेल आणि तुला कधीच कळणार नाही, म्हणून मुद्दाम सांगून राहिलो.

आणि मेशमध्ये चार नोडचे टेट्राहेड्रॉन (चार बाजूंचे तुकडे) वापरले असतील तर आजच फेकून दे. हा टिश्यू जवळपास पाण्यासारखा, दाबून आकारमान कमी होत नाही, त्यात ते एलिमेंट लॉक होतात आणि कॉर्निया आहे त्यापेक्षा कडक दिसतो. दहा नोडचे घे किंवा हेक्स (विटेसारखे तुकडे) घे, जाडीत निदान चार-पाच थर.

हे सगळं करायच्या आधी एक हातानं करायची तपासणी: पातळ गोलाच्या भिंतीतला ताण म्हणजे प्रेशर गुणिले त्रिज्या भागिले दोनदा जाडी. २ किलोपास्कल, त्रिज्या ७.८ मिमी, नॉर्मल जाडी ०.५४ मिमी धरली तर साधारण १४.४ किलोपास्कल येतो. आधी साधा गोल कर, हा आकडा येतो का पाहा. तो येत नसेल तर बहिणीच्या डोळ्याला हात लावू नको.

डेटा_भाऊ

एक शंका, वाईट वाटून घेऊ नका. एवढं सगळं करायचंच काहून? हजारो पेशंटच्या सर्जरीआधीच्या आणि नंतरच्या टोपोग्राफी घ्या, न्यूरल नेटवर्क ट्रेन करा, पाच सेकंदात उत्तर. तक्ता तरी काय आहे, तोही डेटाच ना?

जुना_अबॅकसकर

@डेटा_भाऊ शंका रास्त आहे. सरासरी पेशंटसाठी तुमचं मॉडेल माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देईलही. पण केराटोकोनसचे दोन कोन सारखे नसतात, आणि आधी कोणी टाकलीच नाही अशी रिंग, म्हणजे वेगळा अंश, वेगळी खोली, समजा क्रॉसलिंकिंगनंतर (कॉर्निया कडक करायच्या इलाजानंतर) टाकायची असेल तर त्याचा डेटा आणणार कुठून? मेकॅनिक्स असेल तर निदान प्रश्न विचारता येतो. दोन्ही जोडून वापरा, माझी काहीच हरकत नाही, सिम्युलेशननं तयार केलेल्या केसेसवर नेटवर्क ट्रेन करतातच लोक, ऑपरेशनच्या दिवशी चार तास सॉल्व्हर चालवायला कोणाला वेळ आहे.

ओपीडी_तिसरा_मजला

मी नेत्ररोगात रेसिडेन्सी केली आहे, सध्या कॉर्निया करते, नागपूरचीच. @मेशवाला_नागपूर, तुझी पोस्ट वाचून आधी बहिणीबद्दल बोलते, मग मॉडेलबद्दल.

रिंगनं आकार सुधारतो, आजार थांबत नाही. १९-२० व्या वर्षी निघालेला केराटोकोनस वाढायची शक्यता बरीच असते, म्हणून तिच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचार की आजार वाढतोय का आणि क्रॉसलिंकिंग आधी, सोबत की नंतर. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अल्ट्राव्हायोलेट ए, ३ मिलिवॉट प्रति चौरस सेंमी, ३० मिनिटं, हा ड्रेस्डेनचा मूळ प्रोटोकॉल, २००३ मध्ये त्याचे केराटोकोनसमधले निकाल छापून आले. त्याला एपिथेलियम, म्हणजे सर्वात वरचा पातळ थर, काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन जाडी लागते, म्हणजे सर्वात मागचा एन्डोथेलियमचा थर वाचतो. तिचे ४६२ एपिथेलियम धरून आहेत, ते ५० च्या आसपास गेले तर ४१० उरतात, म्हणजे जेमतेम. आणखी पातळ झाला तर साधा प्रोटोकॉल चालणार नाही. म्हणून मॉडेल होईपर्यंत थांबू या असं कृपा करून करू नका. तुझा प्रोजेक्ट तुझ्या वेळेनं होऊ दे, तिचा इलाज तिच्या वेळेनं. आणि डोळे चोळणं बंद. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धूळ, अ‍ॅलर्जी, कूलरची कोरडी-ओली हवा, पोरं ओपीडीत माझ्यासमोर बसून बोटाच्या सांध्यानं डोळा चोळतात आणि त्यांना कळतही नाही. अ‍ॅलर्जीचे थेंब डॉक्टरांना विचारून सुरू ठेवा.

आता मॉडेल. तुमच्यासारखे इंजिनियर लोक स्कॅनच्या आकड्याला देववाणी समजतात, तिथे थोडं थांबा. बहीण आरजीपी (कडक कॉन्टॅक्ट) लेन्स लावत असेल तर लेन्सनं कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, लेन्स किती दिवस बंद ठेवून स्कॅन काढला ते विचारून घे. दुसरं, पुढचा पृष्ठभाग म्हणजे एपिथेलियम, आणि तो कोनच्या टोकावर पातळ आणि भोवती जाड होतो, जणू खड्डे-उंचवटे सारवून घेतो. त्यामुळे खालचा स्ट्रोमा दिसतो त्यापेक्षा जास्त वाकडा असतो. ताण घेणारा भाग स्ट्रोमा आहे, एपिथेलियम नाही. अँटेरियर सेगमेंट ओसीटीवर (डोळ्याच्या पुढच्या भागाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर) एपिथेलियमचा नकाशा मिळतो, मिळाला तर तो वजा करून स्ट्रोमाचा खरा पृष्ठभाग घे.

आणि १५ हा आकडा कुठून आणला? गोल्डमन टोनोमीटर (डोळ्याचं प्रेशर मोजायचं यंत्र) साधारण ५२० मायक्रॉनच्या कॉर्नियासाठी बसवलेला आहे, पातळ आणि मऊ कॉर्नियात प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. माझ्या दृष्टीनं तू एक आकडा देऊच नको. मला, म्हणजे टेबलावर बसणाऱ्या माणसाला, एवढं सांग की प्रेशर १२ असो की १८, कोनचा भाग नॉर्मलच्या अर्धा मऊ असो की पाव, ही रिंग इतक्या ते इतक्या डायॉप्टरनं सपाट करेल, आणि दुसरी रिंग इतक्या ते इतक्या. दोन पट्टे एकमेकांवर चढत असतील तर मी समजते की मॉडेल ह्या दोघींत निवड करू शकत नाही, मग मी अनुभवानं जाते. पट्टे वेगळे असतील तर तुझं ऐकते. एकच आकडा दिलास, तोही दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत, तर मी विश्वास ठेवणार नाही.

(बहिणीशिवाय दुसऱ्या कोणाचा स्कॅन वापरायचा असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी, आणि फाइलमधून नाव, जन्मतारीख, पेशंट नंबर काढून. स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात नाव राहून जातं, मी पाहिलेलं आहे. आणि पुढे हे सॉफ्टवेअर पेशंटवर वापरायचं झालं तर ते २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्समध्ये येतं, तेही आतापासून डोक्यात असू दे.)

सलाइनची_बाटली

मी ह्यातला प्रायोगिक माणूस. मॉडेल खरं की खोटं हे बघायचं असेल तर बकऱ्याच्या डोळ्यापासून सुरू कर. पीजीला असताना आम्ही सकाळी साडेसहाला मटणाच्या दुकानात उभं राहायचो, डोळे थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीवर, थेट लॅब. सुई आत घालायची, सलाइनची बाटली डोळ्याच्या वर २०.४ सेंमी टांगायची, झालं १५ मिमी मर्क्युरी, पंप नको की काही नको, प्रेशर बदलायचं तर बाटली वर-खाली करायची. बाजूनं मोबाइलचा कॅमेरा स्टँडवर, मागे ग्राफ पेपर.

पण एक गोष्ट माझा अख्खा महिना खाऊन गेली. मेलेल्या डोळ्यात एन्डोथेलियमचा पंप बंद पडतो, कॉर्निया पाणी पिऊन फुगतो, आणि साध्या सलाइनमध्ये ठेवला तर अजूनच. सकाळी पारदर्शक असलेला डोळा दुपारी धुरकट, दुधाळ काचेसारखा, जाडी कितीतरी वाढलेली, आणि मी दोन्ही वेळचे आकडे एकाच ग्राफवर टाकत होतो. उलट मे महिन्यात पंख्याखाली उघडा ठेवला तर वीस मिनिटांत कडेनं सुरकुतून कडक होतो. दोन्हीकडून मार. डेक्स्ट्रान घातलेलं द्रावण वापर, जाडी दर वाचनाला मोज, आणि आणल्यापासून किती वेळ झाला ते प्रत्येक आकड्यापुढे लिही. बकऱ्याचा कॉर्निया माणसाचा नाही हे मान्य, पण बिनप्रेशरचा आकार काढायची तुझी पद्धत बरोबर आहे का हे तिथे तपासता येतं, कारण तिथे प्रेशर तू स्वतः खरोखर काढून टाकू शकतोस. जिवंत माणसात ते जमणार नाही.

मेशवाला_नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहून राहिलोय, मध्ये सेमिनार होता.

आधी घरचं. मॅडम, तुमची पोस्ट मी बहिणीला आणि आईला वाचून दाखवली. मागचे दोन स्कॅन शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारलं, आजार वाढतोय म्हणाले, क्रॉसलिंकिंग आधी करायचं ठरलं, पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. रिंगचं त्यानंतर बघू म्हणाले. ती लेन्स लावतच होती, स्कॅनच्या आदल्या दिवशीपर्यंत. म्हणजे माझा अख्खा मेश लेन्सनं दाबलेल्या आकाराचा होता. आता लेन्स बंद करून दोन आठवड्यांनी नवीन स्कॅन काढला, पातळ जागा थोडी वेगळीकडेच निघाली.

मॉडेल: साधा गोल केला, ताण १४.३ आला, त्या दिवशी रात्री नीट झोपलो. मग उलट-सुलट फेऱ्या लिहिल्या. पहिल्या फेरीत सर्वात लांबचा नोड १९० मायक्रॉन चुकलेला, दुसरीत २७, तिसरीत ५, पाचवीत एकच्या आत. प्रेशर दिल्यावर स्कॅनचाच आकार समोर आला, मॉड्युलसला हात न लावता. स्क्लेराचा पट्टा घेतला, दहा नोडचे टेट्रा घेतले. प्रेशर १२, १५, १८ आणि कोनचा मऊपणा तीन प्रकारचा, अशा नऊ रन दोन रिंगांसाठी केल्या, १६० अंश, ७५ टक्के खोली, एक २०० मायक्रॉन जाड आणि एक २५०. पट्टे एकमेकांवर चढून राहिले. म्हणजे मॅडम, तुमच्या भाषेत माझं मॉडेल अजून ह्या दोघींत निवड करू शकत नाही. वाईट वाटलं पण खरं ते खरं. कोन किती मऊ आहे हे कळलं तरच पट्टा अरुंद होईल असं दिसतं, प्रेशरचा फरक तेवढा पडत नाही.

ठिपक्यांचा नकाशा मात्र तसाच आहे.

जुना_अबॅकसकर

पट्टे चढले हे तू लपवलं नाहीस, हाच तुझ्या थीसिसचा सगळ्यात चांगला चॅप्टर होणार आहे.

ठिपक्यांचं सांगतो. ७.८ मिमी त्रिज्येच्या कॉर्नियावर मधला ३ मिमी व्यासाचा भाग घे आणि त्याची खोली (टोक त्या भागाच्या कडेपेक्षा किती पुढे आहे ते) काढ, साधारण १४६ मायक्रॉन. आता एक डायॉप्टर कमी कर, खोली होते १४२. म्हणजे एक अख्खा डायॉप्टर साडेतीन मायक्रॉनमध्ये बसलेला आहे. तुझ्या मेशचा एखादा नोड अर्धा मायक्रॉन जरी वर-खाली असला तर वक्रता तिथे ठिपका दाखवणारच, कारण वक्रता म्हणजे दोनदा डेरिव्हेटिव्ह, ती बारीकसा खडबडीतपणा मोठा करून दाखवते. नोडवरून थेट वक्रता काढू नको. आकार बदललेल्या पृष्ठभागावर झर्निके बहुपदी (गोल भागावरचा आकार गुळगुळीत सूत्रात मांडायची पद्धत) बसव, मग त्यावरून काढ, आणि सर्जरीआधीच्या आकारालाही त्याच पायरीतून ने. दोघांतला फरक घेतलास की बसवण्याची चूक बरीचशी एकमेकांत कटते. फक्त कोन असल्यामुळे कमी पदं घेऊ नकोस, नाहीतर कोनच गुळगुळीत होऊन जाईल, सहाव्या-आठव्या ऑर्डरपर्यंत जा आणि उरलेला फरक किती ते प्लॉट कर.

ओपीडी_तिसरा_मजला

तारीख मिळाली हे वाचून फार बरं वाटलं. क्रॉसलिंकिंगनंतर पुढचे साधारण ३०० मायक्रॉन कडक होतात, मागचे तसेच राहतात, त्यामुळे रिंगचं मॉडेल तुला खोलीप्रमाणे कडकपणा बदलून परत चालवावं लागेल. जुना निकाल वापरू नको. आणि तिला सांग, पहिले दोन-तीन दिवस डोळा बराच दुखतो आणि पाणी येतं, घाबरायचं नाही, खोलीत अंधार करून पडून राहायचं, थेंब वेळेवर.

कोनच्या मऊपणाबद्दल: आमच्याकडे कॉर्व्हिस नावाच्या यंत्रावर एअर-पफचा (डोळ्यावर हवेचा झोत मारल्याचा) व्हिडिओ निघतो, सेकंदाला ४३०० च्या वर फ्रेम, कॉर्निया आत दबून परत बाहेर येताना दिसतो. त्यावरून उलट गणित करून मऊपणा काढता येईल का हे तू आणि अबॅकसकर मिळून बघा. माझ्या सरांशी बोलले आहे, कमिटीचा अर्ज झाला की नाव काढलेले काही व्हिडिओ देता येतील.

मेशवाला_नागपूर

मॅडम, अर्जाचा फॉर्म आजच गाइडकडून सही करून घेतो. सलाइनवाले दादा, उद्या सकाळी साडेसहाला जातोय, थर्मास आईचा घेतलाय, तिला सांगितलंय की परत मिळणार नाही.